रकाना नववा

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२१ नोव्हेंबर १९९८

प्रिय मनू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आईने ते दोनदा वाचून घेतलं आणि शेजारच्या कुमुदवहिनींनाही ऐकवलं. पोरगी इंजिनिअर होऊन साइटवर उभी राहते, माणसं तिला मॅडम म्हणतात, याचं तिला कोण कौतुक! मलाही आहे. पण तू शेवटी जो किस्सा लिहिलास, त्यापाशी मी अडकलो. भिंतीखालचा भराव आतून ओला आहे असं एक म्हातारा मजूर सारखा सांगत होता, आणि तू त्याला म्हणालीस, "बाबा, हा तुमचा प्रांत नाही." पुढे कंसात लिहिलंस, "तुमचंच वाक्य, बाबा!" आई हसली. मला हसता आलं नाही. चार दिवस झाले, जेवण नीट जात नाही.

वाक्य माझंच आहे. आमच्या खात्यात ते सगळेच वापरतात. हिशेब हा माझा प्रांत नाही, माती हा तुमचा प्रांत नाही. शिवी न देता माणसाला दाराबाहेर काढायची ही आमची सभ्य रीत. त्यात अहो-जाहो केलं की अपमानाचा डागही दिसत नाही. मी ते पहिल्यांदा कधी वापरलं ते आठवत नाही, पण एकदा कुणाला म्हणालो ते विसरू शकलेलो नाही.

तुला दयाराम आठवतो ना? खाडीकडच्या बांधावर असायचा तो. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात, पावसाळ्याआधीच्या पाहणीला तू माझ्याबरोबर आली होतीस. बारा वर्षांची होतीस, सुट्टीत घरी बसून कंटाळली होतीस. बांधाच्या आतल्या अंगाने दयाराम अनवाणी चालायचा. भरतीचं पाणी बांधातून झिरपत असेल तिथे चिखल पायाला थंड लागतो, हे त्याच्या बापाने त्याला शिकवलेलं. त्याने तुलाही चपला काढायला लावल्या, डोळे मिटायला सांगितले. उघाडीपासून, म्हणजे पाणी सोडायच्या दारापासून, पंचवीसेक पावलांवर तू थांबलीस आणि ओरडलीस, "इथे थंड आहे!" तो केवढा खूश झाला होता. "पोरीचा पाय चांगला हाय, सायेब," म्हणाला.

मग तू खेकडे बघायला पुढे पळालीस, आणि तो मला म्हणाला, "सायेब, बांध हितं आतून खालेला हाय. खेकड्यांनी पोखरलाय. श्रावणातल्या उधानाला खांड पडून फुटेल, नाय टिकायचा." मी बूट घालून बांधाच्या माथ्यावर उभा होतो. वरून बांध चांगला सुका, टणक दिसत होता. मी म्हणालो, "दयाराम, हा तुमचा प्रांत नाही." तो खाली बसून हाताने एक बीळ उकरून बघायला लागला.

त्या पाहणीच्या छापील फॉर्ममध्ये नववा रकाना असतो: तज्ज्ञाचा अभिप्राय. तिथे मी लिहिलं, "निरंक". खात्यात ज्याला काही सांगायचं नसतं तो निरंक लिहितो. मला सांगायचं होतं की नाही, हा विचारच मी केला नाही. तज्ज्ञ म्हणजे शिक्का असलेला माणूस, आणि तिथे असा कुणी आला नव्हता. रकाना भरला, सही केली, चहा प्यायलो.

नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी, दुपारच्या भरतीला, बांध फुटला. बरोबर त्याच जागी. दयाराम त्या वेळी तिथेच होता, एकटा, फावडं आणि चिकणमातीची पाटी घेऊन. संध्याकाळी ओहोटीला तो सापडला. एवढं तुला माहीत आहे. पुढचं तुला चुकीचं माहीत आहे, आणि ते मी चुकीचं राहू दिलं.

चौकशीत लिहिलं गेलं की मयताने परवानगीशिवाय बांध उकरला म्हणून बांध फुटला. फावड्याच्या खुणा दाखवल्या गेल्या. त्या खुणा बिळं बुजवल्याच्या होत्या, हे मला दिसत होतं. साहेबांनी मला विचारलं, तुमचं काही म्हणणं? मी म्हणालो, चौकशी हा माझा प्रांत नाही. त्यानंतर गावाने त्याचं नाव 'बांधफोड्या' पाडलं. त्याच्या मुलाला, काशिरामला, लोक अजून बांधफोड्याचा म्हणतात. गेल्या दिवाळीत तूही सहज म्हणालीस, "बिचारा, त्यानेच बांध फोडला ना?" आणि मी ताटात बघत राहिलो. ज्या पायाने तुला ती जागा शिकवली, त्यालाच तू दोषी धरलंस, माझ्यामुळे.

परवा गुरुवारी मी त्याच्या बायकोकडे, रंभाबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देतील, द्याव्यात असं वाटत होतं. त्या सुकट निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्यांना म्हायत होतं तुमी लिवलं नाय ते. म्हनून तर रोज सोताच जायाचे." मनू, हे ऐकल्यावर मला त्यांच्या घरात बसवेना.

सोबत एका अर्जाची नक्कल ठेवली आहे. सोमवारी मी तो खात्यात देतो आहे, दुसरी प्रत गावच्या पंचायतीत वाचून दाखवणार आहे. निवृत्तीला सहा महिने उरलेत, जे व्हायचं ते होईल. त्यात लिहिलंय की नवव्या रकान्यात मी निरंक लिहिलं ते खोटं होतं. तज्ज्ञाचा अभिप्राय मिळाला होता. तज्ज्ञाचं नाव दयाराम. तुझ्या बापाबद्दल तुला जे वाटायचं ते आता वाटणार नाही, हे धरूनच लिहितो आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. त्या भिंतीचं काँक्रीट बुधवारी आहे असं तू लिहिलंस. पत्र तुला मंगळवारपर्यंत मिळावं म्हणून आत्ताच स्वतः स्टेशनवर जाऊन डाकगाडीच्या पेटीत टाकतो. मिळताच साइटवर जा. त्या म्हाताऱ्याचं नाव तू पत्रात लिहिलेलं नाहीस, आधी ते विचार. आणि तो दाखवेल तिथे, चपला काढून उभी राहा.

तुझाच,
बाबा