ट्रकवरचं माह्यं नाव

रॉटरडॅम

अश्वजितदादा,

तुले अन् आईले आधी जयभीम, मंग बाकीचं. माह्यं इथं बरं चालू हाये. जेवण टायमावर करते.

माह्यं काम काय, तू इचारलं होतं. मोताळ्याच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी इथवर येईपर्यंत वाटेत किती धूर होते, ते मी मोजते. ज्या ट्रकचा धूर जास्त, त्याले कंपनी काढते अन् तो माल रेल्वेनं पाठवते.

कंपनीच्या फॉर्मात डिझेलचे आकडे साऱ्या डायवरांनी टपरीवर बसून एकसारखे, कमी करून भरले. तू मात्र खरे भरले. गाडी रिकामी परत आणली तेही लिहिलं, आईले जानेफळले मावशीकडे सोडलं तो फेराही लिहिला. खाली लिहिलं, "माही बहीण तपासते, तिले खोटं चालत नाई."

म्हणून जास्त धुराच्या यादीत तुही गाडी पहिली आली.

तुह्या रकान्यात मले बाकीच्यांची सरासरी टाकता आली असती. नाई टाकली. साहेबानं साऱ्यांसमोर तारीफ केली, वरची जागा देली. आता दर महिन्याले इमानात बसून फिरते. तो धूर कोणी मोजत नाई.

एक तारखेपासून तुले कंपनीचं भाडं भेटणार नाई. रागावू नको. पोरगी शिकली पाहिजे, हे तूच म्हणत होता.

आईचा गुडघा कसा हाये? तिले यातलं काही सांगू नको.

अन् गाडी इकशीन तवा समोरचं माह्यं नाव पुसून टाकजो. नाईतर नवा मालक इचारीन, ही कोण म्हणून.

तुही लहानी,
मयुरी