वीतभर लाल वायर

ता. ३

ती. दादास,
बुटकीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर निघायला अजून महिना आहे, असं वहिनीने कळवलं. तोवर खुर्चीत बसून तिला हुकूम सोडण्याखेरीज तुला उद्योग नाही. म्हणून एक देते.

शिवणाच्या खोलीतला दिवा गेला. बल्ब नव्हे, होल्डरच जळला. इथला वायरमन अकरा दिवस ‘उद्या नक्की’ म्हणतो आहे. माझ्याकडे शाळेचे बत्तीस गणवेश आहेत. गडद निळं कापड, त्यावर निळाच दोरा. चारनंतर टाका दिसत नाही.

मुलाने लिहिलंय, एका दिव्यावाचून अडतं तर एकटी कशी राहणार? एकवीस तारखेला तो गाडी घेऊन येतो आहे, मला कायमचं न्यायला. सून चांगली आहे. तिथे मला कोपरा मिळेल. मला कोपरा नको. माझं मशीन हवं, आणि दाराला आतून लावायची माझी कडी.

तेव्हा होल्डर मीच बदलणार. कसा ते लिही. ‘हात लावू नकोस’ एवढंच लिहायचं असेल तर शाई वाचव.

पायाला जप, माझ्यावर रागावू नकोस.
तुझी बुटकी

ता. ७

चि. बुटकीस, अनेक आशीर्वाद.

हात लावू नकोस. शाई माझी आहे.

इथवर लिहून पत्र बंद करणार होतो. तुझी वहिनी म्हणाली, ती लावणारच आहे, निदान नीट लावू दे. चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींत वायरी ओढल्या, पण घरात माझं कोण ऐकतं? तर ऐक.

लाल वायरीत वीज येते, काळीतून परत जाते. लाल आधी बटणात जाते, मग छताला. म्हणून बटण बंद केलं की होल्डरची वायर मेली. तरीही मेन स्विच बंद कर. पण आधी टेस्टर एखाद्या चालू सॉकेटमध्ये लावून बघ, तो पेटतो ना? नाहीतर मेलेला टेस्टर जिवंत वायरीला मेली म्हणेल. मग होल्डरच्या दोन्ही वायरी तपास. लाकडी स्टूल घे, पायात चप्पल असू दे. वायरीचं सोलून पिळलेलं टोक स्क्रूखाली पुरतं जाऊ दे, तांबं बाहेर डोकावता कामा नये. मेन बंद आहे हे शेजारणीला सांगून ठेव, नाहीतर कोणीतरी उपकार म्हणून चालू करेल.

तुझ्या घराचं वायरिंग मी स्वतः केलेलं आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

काम झालं की लगेच कळव.
दादा

ता. ११

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काम झालेलं नाही. कारण तू आहेस.

मेन बंद करण्याआधी सहज नुसतं बटण बंद केलं आणि टेस्टर लावला. पेटला. बटण चालू केलं, पेटला. बंद केलं, तरी पेटला. मेन बंद केला तेव्हा विझला. मग बोर्ड उघडला. दादा, बटणात काळी वायर आहे. लाल मागच्या मागे जोडून सरळ छताला गेली आहे. तुझं पत्र खरं की तुझा हात?

मी रागावून लिहीत नाही. पण एक ऐक. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी याच दिव्याचा बल्ब बदलताना मला झटका बसला. पुढे पुन्हा एकदा. हे म्हणाले, बटण बंद असताना झटका कसा बसेल? मनाची भीती आहे. तूही जेवायला आला होतास, हसलास. तेव्हापासून या घरात मला कोणी बल्बला हात लावू दिला नाही. हे गेल्यावरही मी शेजाऱ्यांना बोलावत होते. ‘आई विजेला घाबरते’ हे ऐकतच मुलगा मोठा झाला. आज तो मला न्यायला येतो आहे, ते त्याच वाक्यावर.

आता दुरुस्ती कशी करायची ते लिही. दहा दिवस उरलेत.

वहिनीला नमस्कार. उत्तराची वाट पाहते.
बुटकी

ता. १५

चि. बुटकीस, आशीर्वाद.

दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं.

माझ्याच हाताने झालं. त्या दिवशी बोर्डात लाल वायर वीतभर कमी पडली. दुकान लांब होतं, मेहुणे घाई करत होते. लाल मागे जोडून टाकली आणि काळी लांब होती ती बटणात घातली. दिवा लागला. दिवा दोन्हीकडून लागतो, हेच वाईट. पुढच्या खेपेला सरळ करीन म्हटलं आणि विसरलो. जेवताना हसलो तेव्हाही आठवलं नाही.

तू भित्री नव्हतीस. वायर जिवंत होती.

आता असं कर. मेन बंद, टेस्टरची परीक्षा आधीसारखीच. लालचा जोड सोड. एका टोकाला नव्या लाल वायरीचा वीतभर तुकडा कनेक्टरने जोड, म्हणजे बटणापर्यंत पोचेल. दोन्ही लाल बटणात. दोन्ही काळ्या बाहेर काढून आपसात कनेक्टरमध्ये. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नकोस, तसं मी करत असे. शेवटी मेन चालू कर आणि बटण बंद ठेवून होल्डर तपास. टेस्टर पेटला तर थांब आणि मला लिही.

भाच्याला मी सगळं लिहितो आहे. तू नको म्हणशील, पण चूक माझी आहे, ती मीच सांगणार.

तुझा, मान खाली घातलेला,
दादा

ता. २२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अठराला वायरी सरळ केल्या, होल्डरही बदलला. पहिल्यांदा काळीचा स्क्रू निसटला, दुसऱ्यांदा कनेक्टर स्टुलाखाली गेला. तीन तास लागले. तू वीस मिनिटांत करतोस हे माहीत आहे. कसं करतोस तेही आता माहीत आहे. बटण बंद, टेस्टर विझलेला. बटण चालू, खोलीभर उजेड. त्याच संध्याकाळी सहा गणवेश झाले.

काल मुलगा आला. तुझं पत्र त्याच्या खिशात होतं. तरी म्हणाला, काम कोणाकडून तरी तपासून घेऊ. मी म्हटलं, अवश्य, तूच तपास, आणि टेस्टर हातात दिला. तो कुठे धरायचा हे त्याने मला विचारलं. मी दाखवलं. त्याने बटण तीन वेळा लावलं, बंद केलं. माझं सामान भरायला आणलेली खोकी जेवण झाल्यावर आपणहून रिकामीच परत गाडीत ठेवून आला. त्यातलं एक मी मागून घेतलं. अवजारं खाली पडून असतात.

आज स्वयंपाकघराचा बोर्ड उघडला. तिथेही काळीच बटणात आहे. रागवत नाही. उरलेल्या खोल्या कोणत्या क्रमाने केल्यास, तेवढं आठवून लिही. मी त्याच क्रमाने येते.

माझ्यावरचा जीव तसाच असू दे, हात मात्र माझा चालू दे.
बुटकी