विहिरीवरच्या खोलीतलं घोरणं

कोल्हार,
दि. ३ एप्रिल २०२५

चि. पार्थ यास छबूआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

घरात फोन असताना आत्या पत्र लिहिते म्हणून हसशील. पण माझा एक कान गेलाय आणि दुसरा फोनवर चालत नाही. आवाज मोठा केला की माझ्या सुनीलसकट सगळं घर ऐकतं, आणि ही गोष्ट सुनीलने इतक्यात ऐकायला नको.

तुझे रंगनाथमामा दुपारी विहिरीवरच्या खोलीत आडवे व्हायचे आणि त्यांचं घोरणं पार रस्त्यापर्यंत ऐकू यायचं, ते तुला आठवत असेल. गेल्या उन्हाळ्यात तिथंच झोपेत गेले. पुढे सुनीलने नवी मोटार पाण्यात सोडली, तिचा स्टार्टर खांबावर बसवला, आणि खोलीला मी कुलूप घातलं. आता काही दिवसांपासून ऊन चढलं की त्या बंद खोलीतून घोरण्याचा आवाज येतो. कांदे काढायला आलेल्या बाया तो ऐकून हातातलं टाकून पळाल्या. कानिफनाथ मुकादमाची बायको म्हणते की बाबा अजून तितंच निजत्यात, आमी काय त्या रानात पाय ठेवनार न्हाई.

कांदा जमिनीत राहिला, म्हणून सुनीलने देवऋषी ठरवलाय. येत्या अमावस्येला तो उंबऱ्यात मंतरलेला खिळा ठोकून बंदोबस्त करणार. पार्थ, हे मला चालणार नाही. आत कोणी नसेल तर खिळा कशाला? आणि हे असतील, तर त्यांना कोणी जखडून टाकलेलं मी बघणार नाही. मला भीती नाही वाटत. जन्मभर त्या घोरण्याशेजारी झोपले मी. खरं सांगू का, हेच असावेत असं मला वाटतं.

तू मित्रांबरोबर भुतं शोधत हिंडतोस म्हणून तुझी आई कपाळाला हात लावते. आता तरी त्या उद्योगाचा घरच्या माणसांना उपयोग होऊ दे. अमावस्येआधी ये.

आत्याची माया जशी तुला ठाऊक आहे तशीच आहे.

तुझी,
छबूआत्या

•

सावेडी, अहिल्यानगर,
दि. ८ एप्रिल २०२५

ती. आत्यास पार्थचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. येत्या रविवारी येतो. बरोबर रॉबिन आणि ज्योती आहेत. रॉबिन दवाखान्यात कामाला आहे, त्यामुळे प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. ज्योतीने वायरमनचा कोर्स केलाय, ती असल्याशिवाय मी जुन्या मोटारीच्या खोलीत हात घालत नाही. आमचा पहिला नियम, एकट्याने जायचं नाही. दुसरा, मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या जागेत शिरायचं नाही. मालकीण तूच, तेव्हा तुझ्या पत्रालाच परवानगी समजतो.

लोकांना वाटतं, भूत शोधायला धाडस लागतं. आत्या, लागतात ते चांगले बूट. आजवर आम्हाला भूत एकही दिसलं नाही, पण विंचू आणि मोकळ्या वायरी पुष्कळ. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही कुलूप उघडत नाही, फक्त बाहेरून जागा बघतो. विहिरीचा कठडा ढासळलाय का, वीज खरंच तोडलीय का, साप शिरेल असं भोक कुठे आहे, हे आधी. आवाज टिपायचं यंत्र, हवा अचानक गार झाली तर कळावं म्हणून थर्मामीटर, जाड हातमोजे, दोन-दोन बॅटऱ्या, एवढं घेतो. मी हौसेने अंधारात बघणारा कॅमेरा घेतलाय आणि तुझं भूत निघालं दुपारचं. तो घरीच ठेवतो. त्याऐवजी टोप्या, पाणी आणि सरबताला लिंबं.

एक गोष्ट आधीच सांगतो. साधं कारण सापडतं का हे आम्ही आधी बघतो, आणि बहुतेक वेळा ते सापडतं. तुझ्या मनात काय आहे ते कळलं, म्हणूनच हे लिहिलं.

सुनीलदादाला नमस्कार, आणि माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा,
पार्थ

•

कोल्हार,
दि. १६ एप्रिल २०२५

चि. पार्थ यास आशीर्वाद, वि. वि.

शहाणा माझा भाचा! बूट आणले, टोप्या आणल्या, विहिरीत डोकावताना कमरेला दोर बांधलास, मला बरं वाटलं. पण रात्रीतून कोणी आत-बाहेर करतं का ते कळावं म्हणून तू उंबऱ्यावर पीठ पसरलंस आणि दाराला आडवा दोरा बांधलास. पीठ माझ्याच डब्यातलं आणि काळा दोरा माझ्याच शिवणाच्या डबीतला, तेव्हा मीही शहाणीच. वर रॉबिनच्या पिशवीतून एक लिंबू तिथं पडलं. सकाळी मुकादमाच्या बायकोने काय पाहिलं असेल ते तूच सांग.

दिवस वर यायच्या आत गावभर झालं की छबूबाईच्या रानात कोनीतरी करनी केली हाय. माणसं बांधावर जमली. मी सगळ्यांसमोर सांगितलं की पीठ बाजरीचं आहे, माझ्या घरचं आहे आणि लिंबू सरबताचं आहे. कोणी ऐकेना. एक म्हातारा म्हणाला की भूत सरबत पितंय हे आमी पैल्यांदाच ऐकतोय.

सुनील मात्र हसला नाही. त्याने देवऋषीला पक्कं सांगून टाकलं. मी त्याला म्हटलं, अरे बाप आहे तो तुझा. तर तो म्हणाला की बाप आहे म्हणूनच, दुपारी तो आवाज आला की आपल्याला भाकर गिळवत नाही. तेव्हा कळलं की पोरगं कांद्यापायी घाबरलेलं नाही. त्याच्यावरचा माझा राग तिथंच गेला, पण खिळा मी ठोकू देणार नाही.

आता तुमचं जे काय यंत्राने टिपलंय ते लवकर ऐका. यापुढे माझ्या डब्यातलं पीठ फक्त भाकरीला मिळेल.

रागावले असले तरी तुझीच,
छबूआत्या

•

सावेडी, अहिल्यानगर,
दि. २० एप्रिल २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पिठाची चूक माझी. नगरच्या ओसाड बंगल्यात जे चालतं ते बांधावर चालत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. गावात जाण्याआधी गावाला सांगायचं, हा नियम आजपासून आमच्यात आला.

टिपलेला आवाज आम्ही तिघांनी ऐकला. लांबून घोरणंच वाटतं, तुझ्या बायांची चूक नाही. पण माणूस घोरताना मध्ये थांबतो. मामा तर इतका वेळ थांबायचे की आम्ही पोरं घाबरायचो. हा आवाज थांबतच नाही. वर-खाली होतो आणि ऊन उतरलं की मावळतो. ज्योतीला विहिरीच्या बाजूच्या भिंतीत जुन्या पाइपाचं भोक दिसलं होतं, आणि तिथून माश्या ये-जा करत होत्या. आत मधमाश्या असाव्यात असं मला जवळजवळ नक्की वाटतं. उन्हात पोळं तापू नये म्हणून त्या पंखांनी वारा घालतात, आणि पत्र्याच्या खोलीत तो आवाज घुमतो.

आत्या, हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण तुला खोटं सांगणार नाही. शनिवारी, म्हणजे अमावस्येच्या आदल्या दिवशी, आम्ही मधमाश्या पाळणाऱ्या एका माहीतगार माणसाला घेऊन येतो. तोंडावर घालायच्या जाळ्या आणि धुराचं भांडं तो आणेल. पोळं जाळायचं नाही, हलवायचं. सुनीलदादाला आणि मुकादमाच्या बायकोला आधी सांग, आणि दोघांना लांबून का होईना बघायला उभं कर. कुलूप मात्र तू काढायचं. तू नको म्हणालीस तर आम्ही तसेच परत जाऊ.

माया असू दे.

तुझा,
पार्थ

•

कोल्हार,
दि. ३० एप्रिल २०२५

चि. पार्थ यास छबूआत्याचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुम्ही शनिवारी घाईने निघालात, म्हणून पुढचं सांगते. भिंतीवरच्या जुन्या स्टार्टरच्या लाकडी पेटीतून ते पोळं निघालं तेव्हा मुकादमाची बायको सगळ्यांत मोठ्याने हसली, आणि आपन तर पैल्यापास्नं म्हनत हुतो की माशा हायेत, असं ती आता गावभर सांगते. सोमवारी बाया कांद्यात होत्या. सुनीलने देवऋषीला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि नंतर माझ्या ताटात जेवला. लहानपणी जेवायचा तसा.

सगळे हसले तशी मीही हसले. घरी येऊन मात्र खूप रडले. तू बरोबर ओळखलं होतंस, मला तिथं हेच हवे होते. कुलूप काढताना त्यांना काय काय सांगायचं ते सगळं मनात तयार होतं. कांद्याचं, सुनीलचं, माझ्या कानाचं. दार उघडलं आणि ऐकायला कोणी नव्हतं. पहिल्यांदा गेले तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

दोन दिवस तुझ्यावरही रागावले होते. मग काल भाकरी थापताना मनात आलं, आपल्याकडे म्हणतात ना की ज्याचं काही राहून गेलं तोच मागे घुटमळतो. तुम्ही तिघांनी एवढी यंत्रं लावून शोधलंत आणि हे कुठे सापडले नाहीत. म्हणजे ह्यांचं काहीच राहिलं नव्हतं. ना माझ्याकडून, ना पोराकडून. पोटभर जेवून झोपले आणि झोपेतच गेले. एवढं नक्की कळायला मला वर्ष लागलं.

ह्यांचा लोकरीचा कोट मी वर्षभर खुंटीला तसाच ठेवला होता. उन्हात घालायची, झटकायची आणि परत टांगायची. सुनीलने एकदा कुणाला देऊ का विचारलं तर त्याच्यावर ओरडले होते. आज सकाळी तो कानिफनाथ मुकादमाला दिला. उन्हाळ्यात कोट कशाला, म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, थंडीत घाल, आता तो मागायला कोणी यायचं नाही.

जिथं जाशील तिथं बूट घालून जा, आणि आत्यासाठी मधूनमधून वाट वाकडी करत जा.

तुझी,
छबूआत्या