पाहुणी न आलेला हिवाळा

प्रिय पिटुकले,

माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस तरी कागदावर दुसरी हाक उमटत नाही, तेव्हा चालवून घे. बापाचं पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. पण त्या रविवारी तू फोन केलास, बराच वेळ बोललीस, मी छान, छान म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन नाही, मी केला तर उचलत नाहीस. तुझा अबोला मला नवा नाही. लहानपणी खेळणं मोडलं तरी कपाटाकडे तोंड करून बसायचीस. पण हा फारच लांबला आणि मला तो सोसत नाही, हे सरळच सांगतो. त्याबद्दल मला काहीतरी सांगायचंय, पण ते चिमण्यांच्या वाटेने येतं, म्हणून आधी चिमण्या.

यंदा पाणथळीवर धुकं असं काही उतरतंय की विचारू नकोस. पुलापाशी पोचेपर्यंत रस्ता, कुंपण, माझे स्वतःचे बूट, सगळं नाहीसं होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही, पाणकणसांची टोकं तेवढी वर तरंगत असतात. त्यात आम्ही तिघं उभे. मास्तरीणबाई निवृत्त झाल्या तरी वर्गाची हजेरी घ्यावी तशी पाखरं मोजतात. बेकरीवाला भट्टीचं काम आटपून तसाच येतो, त्याच्या कोटाला गरम पावाचा वास असतो. आणि आम्ही सगळे तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकतो, आठवतं ना? तोंड उघडं असलं की बारीक आवाज नीट येतो, हे तुला मीच शिकवलं होतं. सायकलच्या दांडीवर बसून तू असा काही आ वासायचीस की एकदा चिलट आत गेलं, आणि मग तू काढलेल्या भोकाडाने तळ्यातली सगळी बदकं उडाली. माझ्यासारख्या जन्मभर कवळ्या करणाऱ्या माणसाला ही उघडी तोंडं म्हणजे पर्वणीच. पाखरू नसलं की मी निवांत लोकांच्या दाढा बघतो.

हिवाळ्यात येणारी ती पिवळ्या भुवईची चिमणी, आपली पाहुणी, घराच्या वळचणीला असते तिच्यासारखी धीट नाही. लव्हाळ्यात लपते. दिसत जवळजवळ नाहीच, ऐकू येते. काचेवर नखाने अलगद टिचकी मारावी, तेवढाच आवाज. म्हणून आमच्यात तिची नोंद कानाने होते, आणि तो कान माझा. असं कधी कुणी ठरवलं नव्हतं, पण मी बोट वर केलं की पाहुणी आली, नाही केलं तर नाही आली. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

या हिवाळ्यात माझं बोट वर गेलंच नाही. रोज जायचो, आ वासून उभा राहायचो, आणि लव्हाळं गप्प. आधी वाटलं, यंदा उशीर झाला असेल. मग वाटलं, पाणी आटलंय, पलीकडे इमारती उठल्यात, कशाला येतील बिचाऱ्या. तुझी आई गेल्यापासून घरात आवाज तसे कमीच, पण यंदा नळ, घड्याळ, चहाची किटलीसुद्धा जरा हळू बोलायला लागल्यासारखी वाटली. गंमत म्हणजे मला ते आवडत होतं. बाहेरचं धुकं माझ्याबरोबर घरात यायचं आणि खुर्चीशेजारी बसायचं. दिवस पाण्यावरच्या पानासारखे सरकत होते. शेवटी मी सगळ्यांना सांगून टाकलं की पाहुणी यंदा येणार नाही. मास्तरीणबाईंनी डोळे पुसले. बेकरीवाला नुसती मान हलवत राहिला.

मग गेल्या आठवड्यात बेकरीवाल्याची बायको आली, नवरा रोज जातो तरी कुठे ते बघायला. तिला पाखरांतलं ओ की ठो कळत नाही. चहा ओतता ओतता सहज म्हणाली, अहो, हे मघापासून काचेवर टिचक्या कोण मारतंय? बेकरीवाला बुटांकडे बघायला लागला. मग मास्तरीणबाई, ज्यांना मी कधी चाचरताना पाहिलं नाही, त्या चाचरत म्हणाल्या की मला रोजच ऐकू येतं, पण तुमचं बोट वर गेलं नाही, म्हटलं माझ्याच कानात काहीतरी वाजत असेल. बेकरीवाल्याचंही तेच. सगळा हिवाळा पाहुणी त्यांच्याशी बोलत होती, आणि माझ्या बोटाकडे बघून ती दोघं तिला नाही म्हणत होती!

बेकरीवाल्याच्या बायकोने दाखवलं तिकडे मी दुर्बीण लावली. धुकं जरासं विरलं होतं. एका पाणकणसाला बिलगून ती बसली होती, भुवई अगदी हळदीच्या बोटासारखी पिवळी. चोच उघडत होती, गळा थरथरत होता, चोच मिटत होती, पुन्हा उघडत होती. आणि आवाज नाही. काही म्हणजे काहीच नाही. इतकं सुंदर काही बघून मला कधी इतकी भीती वाटली नव्हती. बघता बघता चिमणीच्या जागी तू दिसायला लागलीस, फोन कानाला लावलेली.

माझ्या कवळ्यांच्या दुकानात म्हातारे यायचे आणि म्हणायचे, दात उत्तम आहेत हो, सफरचंदंच हल्ली कडक येतात. मी मान डोलवायचो आणि मनात हसायचो. आता बघ, मी त्यांच्याच रांगेत. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर झाकणं चढवली आणि म्हणाल्या, आवाज आला की बोट वर करा. म्हटलं, हे तर माझं हातखंडा काम. सुरुवातीला दोन-चार घुमणारे आवाज आले. मग बराच वेळ काहीच नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून भिंतीवरचा पंखा बघत बसलो. त्या दार उघडून आत आल्या तेव्हा कळलं, तपासणी संपली होती. म्हणाल्या, जन्मभर कवळ्या घासायचं यंत्र कानाशी फिरवलंत, त्याची ही देणगी. बारीक आवाज आधी जातात. पाखरांचे, मुलांचे, फोनवर बायकांचे. माणूस समोर असलं की ओठ बघून भागतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. मग त्यांनी माझ्या कानात लगदा भरून साचा घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात साचे कोंबले, त्याची परतफेड झाली. कड जरा जाड राहिली, टोचेल, असं मी त्यांना सांगून आलो.

आई होती तोवर फोन तीच घ्यायची. मग स्वयंपाकघरातून हातवारे करत, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात तुझी सगळी हालहवाल मला सांगायची. मला वाटायचं, तुझा फोन मीच ऐकला. ती गेल्यावर तू माझ्याशी बोलायला लागलीस, आणि मला कानाशी एक गोड किणकिण ऐकू यायची. सूर वर गेला की मी अरे वा म्हणायचो, थांबला की छान. इतके दिवस ते जमून गेलं, याचं श्रेय माझ्या नशिबाला.

त्या रविवारी तुझा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. मधे तू थांबलीस, मी छान म्हणालो, तू काहीतरी विचारलंस, मी पुन्हा छान म्हणालो. पिटुकले, तू काय सांगितलंस ते मला ऐकूच आलेलं नाही. एक शब्दही नाही. मी छान कशाला म्हणालो ते मला माहीत नाही, आणि तेव्हापासून मी त्याचाच विचार करतोय. बातमी आनंदाची असेल तर बाप असा कोरडा कसा, असं तुला वाटलं असेल. आणि दुःखाची असेल तर, बाळा, ते छान मी परत घेतो. मला पुन्हा सांग. लिहून पाठव, अक्षर मोठं काढायची गरज नाही, डोळे शाबूत आहेत. नाहीतर सरळ निघून ये. माझ्या समोर बस, मी तुझ्या ओठांकडे बघत ऐकीन, आणि सगळं ऐकून झाल्याशिवाय काहीही म्हणणार नाही. पाहुणी अजून थोडे दिवस आहे. आपण पुलापाशी उभं राहू. बोट तू वर कर.

तुझाच, दोनदा छान म्हणून बसलेला,
बाबा