थंडीतली दहा रॉकेटं

३ फेब्रुवारी, सोमवार
चौदा! टेबलावर चाळीस चाचण्यांची यादी आणि खांद्यावरून डागायची नवी रॉकेटं मिळणार फक्त चौदा. एकदा डागलं की संपलं. कर्नलसाहेब म्हणतात, "सगळंच थोडं थोडं तपासा." थोडं थोडं? भाजी आहे का ती!
महिनाअखेर या रॉकेटांच्या पेट्या बर्फातल्या चौकीवर जायच्यात. तिथल्या पोरांच्या हातात सध्या काहीच नाही. उशीर झाला तरी पंचाईत, घाईत चुकलं तर त्यांचाच जीव जाणार.

५ फेब्रुवारी
स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून निर्णयाचं झाड काढलं. रॉकेट पेटलं तर ही फांदी, नाही पेटलं तर ती. आई चष्मा पुसत बघत होती. "याला पानं कधी येणार?"

७ फेब्रुवारी
बैठकीत काय मजा आली! प्रत्येक चाचणीला एकच प्रश्न विचारला — ही फसली तर तुम्ही वेगळं काय कराल? धुळीची? "तरी घेऊच." पावसाची? "झाकण बदलू, पण घेऊच." मग खोडा यादीतून! निर्णय बदलणारच नसेल तर रॉकेट कशाला जाळायचं? कर्नलसाहेबांच्या कपाळावर आठ्या.
शेवटी विचारलं, उणे तीस अंशांच्या थंडीत पेटलंच नाही तर? कर्नलसाहेबच म्हणाले, "मग एकही पेटी वर जाणार नाही."
झालं! चार रॉकेटं पल्ल्यासाठी, दहा थंडीसाठी. आराखडा मंजूर! घरी येताना दोन-दोन पायऱ्या एकदम चढले. या वयात!

१४ फेब्रुवारी
पल्ल्याची चारही ठीक.

१८ फेब्रुवारी
थंडीतली सहा रात्रभर शीतकक्षात उणे तीसला गोठवून डागली. सहाही पेटली!

२० फेब्रुवारी
दहापैकी दहा!! कर्नलसाहेबांनी चक्क टाळी दिली. "बाई, चाळीसचं काम चौदात केलंत." मी उगाच फाइल चाळत बसले, रडू येईल म्हणून. ट्रक सोमवारी निघणार.

२१ फेब्रुवारी
शीतकक्षातून रॉकेटं मैदानावर आणणाऱ्या काकांचे आभार मानायला गेले. बिचारे लाजले. "मी काय केलं, ताई? गार नळीला डागणाऱ्या पोरांची बोटं चिकटायची हो. म्हणून रोज दोन तास आधीच काढून उन्हात ठेवायचो."
तिथूनच कर्नलसाहेबांना फोन लावला. ट्रक थांबवा म्हटलं, दहापैकी एकही गार असताना डागलेलं नाही. काकांना काही बोलू नका, नीट सांगायचं काम माझं होतं.