शेजारच्या काकूंना कबूल केलेल्या गोळ्या

बाबा,

त्या शनिवारी गोळी गिळून आई म्हणाली, "तुमच्या चहापेक्षा ही बरी." आपण तिघं हसलो. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिच्या उरलेल्या गोळ्या तुम्ही शेजारच्या काकूंना कबूल केल्यात, हे त्यांनीच मला जिन्यात सांगितलं. दोघींना कर्करोगच असला, तरी ती गोळी आईची गाठ तपासून, तिच्यापुरती दिली होती. काकूंना ती अपाय करेल. मी त्यांना समजावलंय. डबी दवाखान्यात परत द्यायला नेतेय, वाटेतूनच हे लिहितेय.

गोळ्या फुकट गेल्या असं मनात आणू नका. औषध हाताला लागू नये म्हणून हातमोजे घालून, बशीत काढून, रोज तुम्हीच तिला दिल्यात. निघताना तुम्ही झोपला होतात, म्हणून उशाशी उभी राहून बोलून टाकलं: बाबा, तुम्ही तिला नीट सांभाळलंत.