मी ग्रीक राजा कसा झालो, याचा ताईला खुलासा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे निम्माच वाकलोय. उरलेला भेटीत.) भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? मी पाठवलेला चष्मा त्यांच्या नाकावरून घसरतो असं तू लिहिलंस. दोष चष्म्याचा नसून नाकाचा आहे, पण हे त्यांना सांगू नकोस. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझा भाऊ अंगाला पडदा गुंडाळून वाचनालयात नाचला, असं काही तुझ्या कानावर आलं असेल, तर त्यातलं ‘नाचला’ तेवढं खोटं आहे. बाकीचं सविस्तर लिहितो. बसून वाच.

आमच्या रस्त्याच्या टोकाला ती बंद पडलेली शाळा आहे ना, तिथे युद्धातून पळून आलेली चाळीस कुटुंबं ठेवायचं सरकारने ठरवलं. झालं! शेजाऱ्यापाजाऱ्यांत दोन तट पडले. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष (यांना कोणी निवडून दिलं ते कोणालाच आठवत नाही) विरोधाचं निवेदन घेऊन दारोदार फिरले. त्यावर पहिली सही माझी. ते दुकानात आले तेव्हा मी चष्म्याच्या दांडीचा बारीक स्क्रू बसवत होतो आणि स्क्रू बसवताना मी कशालाही हो म्हणतो. (हे खरं नाही. मी निवेदन दोनदा वाचून, शुद्धलेखनाच्या तीन चुका सुधारून सही केली होती. तुझ्याशी काय खोटं बोलायचं?) मग दोन सभा झाल्या. पहिलीत सगळे एकदम बोलले आणि दुसरीत एक खुर्ची मोडली. खुर्ची वाचनालयाची होती, म्हणून ग्रंथपालबाई यात पडल्या.

या बाई अंगाने काडी, पण नुसतं बघितलं तरी माणूस आवाज खाली आणतो. त्या म्हणाल्या, सभेत तुम्ही एकमेकांचं ऐकत नाही, आता नाटक वाचा. नाटक कुठलं, तर अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक! (नाव मला उच्चारता येत नाही, म्हणून लिहितही नाही.) काही बायका आपल्या म्हाताऱ्या बापाबरोबर होडीतून पळून परक्या गावी येतात, देवळात बसतात आणि राजाला म्हणतात, आम्हाला ठेवून घे. ठेवलं तर मागावर आलेल्यांशी युद्ध, हाकललं तर देवाचा कोप. राजा घामाघूम. हे ग्रीक लोक सुखाने नाटक बघायला बसतच नसत, असं दिसतं. वाचन झालं की लगेच त्यावर सगळ्यांनी बोलायचं, अशी बाईंची अट.

राजा मी. दुकानातून हाक मारली तर चौकात माणूस थांबतो, एवढीच माझी पात्रता. पळून आलेल्या बायकांची पुढारीण तुझी भावजय. मूळ नाटकात म्हणे पन्नास बायका होत्या. आमच्याकडे सातच जमल्या, पण आवाज पन्नासांचा. महिनाभर घरात तालीम चालली. मी चहा मागितला की ही दोन्ही हात वर करून, आमच्यावर दया कर, हे राजा, असं म्हणायची आणि चहा मलाच करावा लागायचा.

प्रयोग रविवारी दुपारी, वाचनालयाच्या मोठ्या खोलीत. माझ्या अंगावर दुकानाचा हिरवा पडदा, डोक्यावर चष्म्यांच्या खोक्यांचा मुकुट. मागच्या रांगेत पळून आलेल्यांपैकी दहा-बारा जण येऊन बसले होते. (शाळेचं छप्पर गळतं म्हणून त्यांना तोवर एका बिनखिडकीच्या गोदामात ठेवलंय.) आणि मी, तीस वर्षं जगाला चष्मे देणारा माणूस, स्वतःचा चष्मा दुकानात विसरून आलो! ऐन वेळी खिशात एका गिऱ्हाइकाचा सापडला, तो लावला. त्यातून अक्षरं मुंगीएवढी दिसत होती आणि जमीन गुडघ्याशी आल्यासारखी. पहिला अर्धा भाग पाठांतरावर निभावला. मग तो म्हातारा बाप येऊन सांगतो, की गावाने हात वर करून यांना ठेवून घ्यायचं ठरवलंय. तसे अध्यक्ष ताडकन उभे राहिले.

“कधी ठरलं? मला कोणी विचारलं?”

ग्रंथपालबाई म्हणाल्या, हे नाटकात ठरलंय. अध्यक्ष म्हणाले, “नाटकात का होईना, माझा विरोध नोंदवा.”

मग काय, नाटक राहिलं बाजूला. कोणी नळाला पाणी पुरायचं नाही म्हणालं, कोणी दवाखान्यातली रांग काढली. एवढ्यात मागच्या रांगेतली एक पन्नाशीची बाई उठली. तिकडे ती सुईण होती आणि सासूला बरोबर घेऊन पळाली. (युद्धातून माणूस सासूला घेऊन पळतो, हे ऐकून तुझी भावजय दोन दिवस विचारात होती.) मोडक्यातोडक्या आपल्या भाषेत ती आमच्या सात बायकांना म्हणाली, “होडीत एवढं बोलत नाही. होडीत उलटी होते. एक हाताने माणूस धरायचं, एक हाताने तोंड.” मग अध्यक्षांकडे वळून विचारलं, “तुम्हाला भीती कशाची? खरी सांगा.”

अध्यक्ष हळूच म्हणाले, “मी रोज सकाळी त्या शाळेच्या मैदानात फिरतो. बायको गेल्यापासून तेवढंच आहे मला.”

“तुम्ही फिरा,” ती म्हणाली. “आम्ही बाजूला होऊ.”

अध्यक्षांना हे सहन झालं नसावं. ते माझ्यावरच उसळले, “एवढे राजे झालात, तर ठेवा की यांना तुमच्या घरात!”

आता मूळ नाटकातलं मी काहीतरी म्हणायला हवं होतं, पण कागदावर नुसत्या मुंग्या. तुझी भावजय माझ्याकडे बघत होती. सुईणही बघत होती, पण तिने काही मागितलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. आणि माझ्या तोंडून, चौकापर्यंत जाणाऱ्या त्या आवाजात, निघून गेलं: “ठेवतो!”

टाळ्या पडल्या. मुकुट पडला. ताई, मला रडू आलं. नंतर मी चष्म्याच्या नंबरावर ढकललं. पुढच्या आठवड्यात सत्तावीस जणांनी निवेदनावरच्या सह्या मागे घेतल्या. बाकीचे अजून भांडतात, पण आता खुर्चीवर बसून भांडतात.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुझा,
धाकटा

ता. क. ‘ठेवतो’ म्हटलं खरं, पण आमच्या दोन खोल्यांत आमचेच पाय एकमेकांत अडकतात. रिकामी आहे ती वरची खोली. बाबांनी ती तुझ्या नावावर केली आहे, हे मला टाळ्या थांबल्यावर आठवलं.

आणखी ता. क. सुईण आणि तिची सासू तीन आठवड्यांपासून तिथेच आहेत. तुझ्या कपाटाला हात लावलेला नाही. (लावला आहे. त्याची किरकिरणारी बिजागरी सासूने दुरुस्त केली.)

शेवटचं. खोली माझी नाही हे कळताच सुईणीने बोचकं बांधून ठेवलं, ते परत सोडलेलं नाही. म्हणते, मालकिणीने हो म्हटलं की सोडेन. तेव्हा उलट टपाली तुझ्या अक्षरात ‘हो’ एवढं लिहून पाठव. ‘नाही’ म्हणायचं असेल तर मात्र तू स्वतः ये, तिच्यासमोर बस आणि सांग. मला ते जमणार नाही. अध्यक्षांना पाठवून पाहिलं, तर ते तिच्या हातचं जेवून आले.